भोक आणि ठिगळ

माझे वडील कार्ड बोटांनी वाचायचे. नजर खिडकीबाहेर, गालात पान, आणि उजव्या हाताची दोन बोटं जाड पुठ्ठ्याच्या पट्टीवरून डावीकडून उजवीकडे सरकत चाललेली. मध्येच थांबायची. "हितं एक ऱ्हायलंय," म्हणायचे. एक म्हणजे एक भोक.

सोलापुरात, अशोक चौकाच्या पुढं, एका चादरीच्या कारखान्यात ते कार्ड पाडायचे. सोलापुरी चादर निम्म्या महाराष्ट्राच्या अंगावर आहे, पण तिच्यावरचा मोर येतो कुठून हे फारसं कुणी विचारत नाही. मागावर बसलेला माणूस मोर विणत नसतो. डिझाइन काढणारा आधी ग्राफच्या कागदावर चौकटी भरभरून मोर काढतो. मग त्या ग्राफची एकेक ओळ घेऊन एकेक कार्ड पाडायचं. चौकट भरलेली असेल तिथं भोक, कोरी असेल तिथं काही नाही. अशी दोनशे-अडीचशे कार्डं दोऱ्यानं एकमेकांना बांधली की माळ होते, आणि ती मागाच्या डोक्यावरच्या जेकार्ड नावाच्या यंत्रावर चढते. धोट्याच्या प्रत्येक फेरीला एक कार्ड सुयांसमोर येऊन उभं राहतं. भोक असेल तिथून सुई आरपार जाते आणि तिचा हुक आपला धागा वर उचलतो. भोक नसेल तिथं सुई मागं ढकलली जाते, हुक सुटतो, धागा खालीच राहतो. मधून धोटा निघून जातो. खटॅक. पुढचं कार्ड.

मालक आणि बरेचसे कामगार तेलुगू बोलायचे. माल घ्यायला येणारा व्यापारी हिंदी-मराठी मिसळून बोलायचा, रंगखात्यातले दोघं कानडी. "जरा ठसठशीत मोर पाहिजे" एवढी ऑर्डर या सगळ्यातून फिरत फिरत वडिलांच्या टेबलावर यायची, आणि तिथं सगळ्या भाषा संपायच्या. मागाला तेलुगू येत नव्हती, मराठीही नाही. त्याला फक्त भोक आहे की नाही एवढं कळायचं. हे काम, म्हणजे माणसाचं सांगणं यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम, करणाऱ्या यंत्रणेला कंपायलर म्हणतात हे मला फार पुढं कळलं. आमच्या घरात तो रोज संध्याकाळी सायकलवरून यायचा आणि मोरीत पाय धुवायचा.

मी सहावीत असताना एकदा ते रात्री उशिरापर्यंत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं की मोराच्या मानेत एक ठिपका पडत होता. एकाच मोराच्या नव्हे, प्रत्येक मोराच्या, प्रत्येक चादरीवर, नेमक्या त्याच जागी. विणणाऱ्यानं माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलावलं, जॉबरनं माग खोलला, हुक तपासले, माग पुन्हा जोडला, तरी ठिपका तसाच. शेवटी वडिलांनी माळ उतरवून घेतली, जमिनीवर मांडी घातली आणि एकेक कार्ड बोटांखालून काढलं. एका कार्डावर एक भोक जादा पडलं होतं. ग्राफवरची ओळ वाचताना त्यांची एक चौकट सरकली होती. मागानं काही चूक केली नव्हती. त्याला जे सांगितलं होतं ते त्यानं इमानानं, न कंटाळता, दोन दिवस केलं होतं.

त्यावरचा उपाय मला तेव्हा फारच फालतू वाटला होता. कागदाचा नखाएवढा तुकडा, खळ लावून भोकावर चिकटवला. ठिगळ. माळ परत चढवली आणि मोराची मान स्वच्छ झाली.

आता जगाच्या बाजूनं बघायचं तर ही गोष्ट फ्रान्समधल्या लिऑनची आहे. तिथं रेशमावर नक्षी विणताना मागापाशी एक पोऱ्या बसून दोऱ्या ओढायचा, आणि तो पोऱ्या दमायचा, चुकायचा. बासिल बुशों नावाच्या माणसानं १७२५ मध्ये त्याच्या जागी भोकं पाडलेला कागदाचा पट्टा वापरून पाहिला. तीनच वर्षांनी फाल्कोननं पट्ट्याऐवजी एकमेकांना जोडलेली कार्डं आणली, कारण पट्टा फाटला तर सगळाच जायचा. कार्ड मात्र एकच बदलता येतं. ही अक्कल मला पुढच्या सगळ्या इतिहासापेक्षा मोठी वाटते, पण फाल्कोनचं नाव कुणाला माहीत नाही. १८०४ च्या सुमाराला जोसेफ मारी जेकार्डनं या सगळ्यांचं जुळवून एक चालणारं यंत्र केलं, आणि नाव त्याचं झालं. पुढं त्याचंच चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला २४,००० कार्डं लागली होती. लांबून बघणाऱ्याला ते छापील चित्रच वाटायचं.

त्या चित्राची एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजच्या घरी होती. तो आकडेमोड करणाऱ्या एका अवाढव्य यंत्राचा आराखडा करत होता, आणि त्या यंत्राला काय करायचं हे सांगायला त्यानं जेकार्डचीच कार्डं घ्यायचं ठरवलं. यंत्र कधी पुरं झालं नाही. पण १८४३ मध्ये एडा लव्हलेसनं त्याच्यावर टिपणं लिहिली. जेकार्डचा माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं, असं तिनं त्यात म्हटलंय, आणि एक विशिष्ट अंकमाला काढायची पायरी-पायरीची कृती दिलीय. जगातला पहिला प्रोग्राम म्हणून तीच दाखवतात. यंत्र नाही, पण त्याचा प्रोग्राम तयार. आमच्या कॉम्प्युटरच्या धंद्यात हा प्रकार आजही चालतो.

मी १९८९ मध्ये कॉम्प्युटरच्या क्लासला गेलो तेव्हा पहिल्याच धड्यात हा जेकार्ड होता. मणिचौकटीनंतर आणि बॅबेजच्या आधी, एक ओळ. सरांनी ती ओळ वाचली, आम्ही लिहून घेतली, पुढं गेलो. वर्गात आम्ही सोळा जण होतो, निम्म्यांच्या घरात नाहीतर घराशेजारी तोच जेकार्ड खटॅक-खटॅक करत होता. एकालाही बोलावंसं वाटलं नाही. मलाही नाही. पुस्तकातला जेकार्ड फ्रान्सचा होता, आमचा अशोक चौकातला. हे दोन्ही एकच असतील असं कुणाच्या मनात येणार?

त्या क्लासला जाण्याचं कारणही सांगून टाकतो. कारण एसी. मे महिन्यातलं सोलापूर ज्यांनी अंगावर काढलंय त्यांना जास्त सांगायला नको. चपला बाहेर काढायच्या, काचेचं दार ढकलायचं आणि आत नुसतं उभं राहायचं. कॉम्प्युटरला गारवा लागतो, म्हणून आपल्यालाही तो फुकट मिळतो. गल्लीतल्या दोघा-तिघांचं करिअर असंच घडलंय.

पुस्तकं पुढं असं सांगतात की जेकार्डवरून थेट हॉलेरिथच्या कार्डावर उडी मारायची. ते पुरतं खरं नाही. हर्मन हॉलेरिथनं अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकांची कार्डं मोजणारी यंत्रं केली, आणि ती कल्पना आपल्याला रेल्वेच्या कंडक्टरवरून सुचली असं तो सांगायचा. तो कंडक्टर तिकिटावर भोकं पाडून प्रवासी कसा दिसतो याची खूण करून ठेवायचा, म्हणजे तेच तिकीट दुसऱ्या कुणाला चालवता येऊ नये. मला हे वाचल्याबरोबर एसटीचा कंडक्टर दिसला. काखेत तिकिटांचा पेटारा, हातात पंच, आणि "तुळजापूर, तुळजापूर" म्हणत बसच्या दांडीवर तो टकटक वाजवत येणारा. त्या पंचातून उडालेल्या गोल टिकल्या आम्ही सीटखालून गोळा करायचो.

हॉलेरिथच्या कंपनीतून पुढं आयबीएम झाली, आणि १९२८ मध्ये आयबीएमनं ८० रकान्यांचं कार्ड काढलं. हा ऐंशीचा आकडा लक्षात राहू द्या. तो पुढं माझ्या घरात शिरणार आहे.

पहिल्या कॉम्प्युटरांना भाषा नव्हतीच. एनिॲक १९४५ च्या अखेरीला चालू झाला तेव्हा त्याला नवं काम द्यायचं म्हणजे वायरी उपसून दुसरीकडं खुपसायच्या आणि शेकडो बटणं फिरवायची. ते काम सहा बायका करायच्या, आणि एकेका कामाच्या मांडणीत दिवसचे दिवस जायचे. मग प्रोग्रामच यंत्राच्या आत साठवायची सोय झाली, म्हणजे वायरींच्या जागी आकडे आले. मग आकडे पाठ होईनात म्हणून त्यांना तीन-तीन अक्षरांची टोपणनावं दिली. तीच असेंब्ली. पण हे सगळं अजून यंत्राच्याच बाजूचं होतं. धागा नंबर अमुक उचल, तमुक सोड. मोर हा शब्द अजून कुणी उच्चारला नव्हता.

तो उच्चारला फोरट्रान या भाषेनं. आयबीएममधल्या जॉन बॅकस नावाच्या माणसाला प्रोग्राम लिहायचा कंटाळा होता, आणि तसं तो स्वतःच सांगायचा. कंटाळ्यातून एवढं चांगलं काम क्वचितच निघालं असेल. १९५४ मध्ये त्याच्या गटानं काम धरलं आणि १९५७ मध्ये फोरट्रान बाहेर पडली. आता गणिताचं सूत्र जवळजवळ वहीत लिहितो तसं लिहायचं. त्याची भोकं कंपायलर पाडणार. लिहायच्या ओळी साधारण वीसपटीनं कमी झाल्या. त्या वेळच्या जाणत्यांचा यावर विश्वास नव्हता. यंत्रानं लिहिलेला प्रोग्राम माणसानं लिहिलेल्याइतका चपळ असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून बॅकसच्या गटानं सगळा जोर लावला तो चपळाईवर, आणि तिथं जिंकल्यावर बाकीचे गप्प झाले.

पण फोरट्रान लिहायची कशावर? ऐंशी रकान्यांच्या कार्डावर. पहिल्या पाच रकान्यांत ओळीचा नंबर, सहाव्यात आधीची ओळ पुढं चालू असल्याची खूण, सातपासून बहात्तरपर्यंत मजकूर, आणि शेवटचे आठ रकाने कंपायलर बघायचाच नाही. तिथं कार्डाचा क्रमांक घालायचा, म्हणजे गठ्ठा हातातून पडला तर परत लावता येतो. आणि पहिल्याच रकान्यात सी हे अक्षर असेल, तर ते अख्खं कार्ड यंत्रासाठी नाहीच. त्यावर माणसानं माणसासाठी काहीही लिहावं. कॉमेंट.

फोरट्रानची आणखी एक खोड सांगण्यासारखी आहे. ती ओळीतल्या मोकळ्या जागा धरायची नाही. त्यामुळं एकपासून दहापर्यंत फेऱ्या मार, अशा ओळीत स्वल्पविरामाच्या जागी चुकून टिंब पडलं, तर कंपायलर कुरकुर करायचा नाही. तो सगळी अक्षरं एकमेकांना चिकटवून एक नवंच नाव तयार करायचा आणि त्यात एक पूर्णांक एक दशांश हा आकडा ठेवून पुढं जायचा. फेऱ्या नाहीत, तक्रार नाही. मोराच्या मानेत एक ठिपका.

ग्रेस हॉपर ही अमेरिकेच्या नौदलातली बाई, आणि या सगळ्यांत माझी सर्वांत लाडकी. १९५२ मध्ये तिनं ए-झिरो नावाचा कंपायलर केला तेव्हा लोक तिला म्हणाले की यंत्र फक्त हिशेब करू शकतं, ते प्रोग्राम काय लिहिणार? पुढं तिचं म्हणणं असं झालं की कारकुनाला बीजगणिताची चिन्हं कशाला, त्याला साध्या वाक्यात लिहू द्या. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली, आणि १९५९-६० मध्ये एका समितीच्या हातून कोबोल. तिनंच सांगितलेला एक किस्सा आहे. साहेबांना दाखवायला तिनं एक नमुना केला: तोच प्रोग्राम इंग्रजीत, फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्ये, आणि यंत्र तिन्ही घेतंय. तिला वाटलं साहेब खूष होतील. साहेब हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या सभ्य अमेरिकन यंत्राला फ्रेंच कशी काय येईल? पुढं कितीतरी दिवस तिला नाही-नाही, फक्त इंग्रजीच, असं समजावत बसावं लागलं.

मी या किश्शावर हसतो, पण मला तो थोडा बोचतोही. कारण यंत्राच्या दृष्टीनं त्या तिन्ही भाषा सारख्याच होत्या, भोकांवर चढवलेली टोपणनावं. तिथं मराठीही चालली असती. कोबोलमध्ये मजुरी काढायची ओळ साधारण अशी: "मल्टिप्लाय मीटर बाय रेट गिव्हिंग वेजेस." आधी हुकूम, मग वस्तू. आपण कसं म्हणू? "मीटरला दरानं गुण आणि मजुरीत टाक." आधी वस्तू, मग हुकूम. आणि हे फक्त मराठीचं नाही. तेलुगू, कानडी, उर्दू, सोलापूरच्या एका चौकात ऐकू येणाऱ्या चारही भाषांत क्रियापद शेवटी. १९७० च्या आसपास चार्ल्स मूर नावाच्या माणसानं फोर्थ नावाची भाषा केली, तिच्यात बेरीज लिहायची ती "दोन, तीन, मिळव" अशी. ती वाचून लोकांच्या डोक्याला मुंग्या येतात म्हणे. मला ती वाचताना घरी आल्यासारखं वाटलं होतं. वडिलांना दाखवली असती तर त्यांनाही काही वेगळं वाटलं नसतं.

व्याकरणाचा विषय निघालाच आहे तर पाणिनी. बॅकसनंच १९५९ मध्ये भाषेचे नियम लिहायची एक पद्धत मांडली, आणि पीटर नाउरनं अल्गोल ६० या भाषेच्या अहवालात ती वापरली. वाक्य म्हणजे काय, तर अमुक किंवा तमुक. अमुक म्हणजे काय, तर ह्याच्यापुढं ते. १९६७ मध्ये इंगरमन नावाच्या एकानं पत्र लिहून सुचवलं की असल्या नियमलेखनाचा मूळ मान पाणिनीचा आहे, तेव्हा ह्याला पाणिनी-बॅकस पद्धत म्हणा. नाव काही रुळलं नाही. आणि एवढ्यावरून "संस्कृत हीच कॉम्प्युटरची सर्वोत्तम भाषा" असे जे निरोप दर गणेशोत्सवात फोनवर येतात, त्यांचा ह्याच्याशी काही संबंध नाही. पाणिनी नियम लिहिण्यात थोर होता. ते पुरेसं मोठं आहे.

आम्हाला क्लासमध्ये शिकवली ती बेसिक. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन गणिताच्या मास्तरांनी ती केली, कारण त्यांना वाटायचं की कॉम्प्युटर साहित्याच्या, इतिहासाच्या पोरांनाही वापरता आला पाहिजे. दहा, वीस, तीस असे ओळींना नंबर आणि गोटू म्हणून उडी. आम्ही उड्या मारमारून असं काही विणायचो की शेवटी आम्हालाच टोक सापडायचं नाही. डाइकस्ट्रा नावाच्या डच पंडितानं १९६८ मध्येच गोटू घातक आहे असं जाहीर करून टाकलं होतं, पण ती बातमी सोलापूरपर्यंत पोचली नव्हती. त्याच गृहस्थानं पुढं असंही लिहिलं की कोबोल शिकवणं हा गुन्हा धरला पाहिजे. कोबोलवर हिशेब चालवणाऱ्या बँकांनी ऐकलं नाही.

मग सी. ती बेल लॅब्जमध्ये डेनिस रिचीनं १९७२ च्या आसपास घडवली. तिच्याआधी बी होती, म्हणून ही सी. सी आली आणि युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यात पुन्हा लिहिली गेली, तेव्हापासून ती जगाच्या पायाखाली आहे. आमच्याकडं ती टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आली. सी तुम्हाला भोकांपर्यंत हात घालू देते, आणि चुकलात तर अडवत नाही. सी प्लस प्लस, जावा, १९९५ च्या मे महिन्यात ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत उभी केलेली आणि आता जगातल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये बसलेली जावास्क्रिप्ट, यांवर मी पोट भरलं नाही, त्यामुळं फुशारकी मारत नाही.

मी पोट भरलं फॉक्सप्रोवर. थोरांच्या यादीत तिचं नाव क्वचितच असतं, पण नव्वदच्या दशकात पतपेढ्या, अडत दुकानं, दवाखाने, सूत व्यापारी, सगळ्यांचे हिशेब तिच्यावर चालायचे. टेबल उघड, शेवट येईपर्यंत फिरत राहा, हिशेब कर, स्किप, फेरी संपव. त्यातली स्किप ही ओळ विसरली की प्रोग्राम पहिल्याच गिऱ्हाइकापाशी अडकून बसायचा आणि त्याचंच व्याज लावत राहायचा, वीज जाईपर्यंत. लोडशेडिंगनं माझी अब्रू कितीदा वाचवलीय.

मधल्या मारुतीपाशी एका सूत व्यापाऱ्याला मी १९९४ मध्ये उधारीचा प्रोग्राम लिहून दिला. तारखेत वर्षाला दोन आकडे. चार आकडे हवे असतील तर "सेट सेंच्युरी ऑन" अशी एकच ओळ वर लिहायची असते. ती मी लिहिली नव्हती. का, ते आज सांगता येतं. ऐंशी रकान्यांच्या कार्डावर १९ हे दोन आकडे प्रत्येक वेळी पाडणं म्हणजे उधळपट्टी, म्हणून कोबोलवाल्यांनी ते गाळले. पुढं कार्डं गेली पण सवय राहिली. माझ्या पडद्यावर आडवी अक्षरं किती मावायची? ऐंशी. मी तसलं कार्ड आयुष्यात हाताळलं नव्हतं, तरी त्याची काटकसर माझ्या बोटांत उतरली होती.

३ जानेवारी २०००, सोमवार. दोन आकडी सालांमुळं जग बुडणार म्हणून वर्षभर चाललेली ओरड शनिवारी मुकाट्यानं संपली होती. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस जवळ आलेले, गल्लीत नंदीध्वजांचा सराव चाललेला. संध्याकाळी दुकानातून निरोप आला, आहात तसे या. गेलो तर गल्ल्यासमोर पूर्व भागातले एक कारखानदार खुर्चीत बसलेले, हातात छापील उतारा. सकाळी त्यांनी दहा हजारांचं सूत उधारीवर नेलं होतं. उताऱ्यावर थकीत दिवस ३६,५२४. साल दोन आकडी घातलेलं, शून्य-शून्य. फॉक्सप्रोनं ते १९०० धरलं. अठरा टक्क्यांनी व्याज एक लाख ऐंशी हजार एकशे अठरा रुपये.

"काय की ओ साहेब," ते शांतपणे म्हणाले, "माझा आज्जा बी जन्मला नव्हता तेव्हा. त्याच्या नावावर टाका की."

दुकानातले सगळे हसले. मी हसलो नाही. तिथंच बसून एक ओळ घातली: तारीख १९५० च्या आधीची आली तर तिच्यात शंभर वर्षं मिळव. म्हणजे २०५० मध्ये हा घोळ पुन्हा होणार, पण तेव्हा मी एकोणऐंशी वर्षांचा असेन. त्या ओळीच्या वर एक तारा काढला, कारण फॉक्सप्रोत ओळीच्या सुरुवातीला तारा म्हणजे कॉमेंट, आणि लिहिलं: ठिगळ, ३ जानेवारी २०००.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी चहा बशीत ओतला आणि विचारलं, "एकाच जागी होतं का सगळीकडं?" म्हटलं, सगळीकडं, दर बिलाला. "मग सोपं की. एकच भोक आसतंय तसलं."

सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीला पॅच म्हणतात तो शब्दही ह्याच कामावरून पडला हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. भोकांच्या पट्ट्यांवर प्रोग्राम असायचा तेव्हा चुकलेल्या भोकावर खरोखरच कागद चिकटवायचे.

दोन-चार वर्षांनी वडिलांच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आला. डिझाइन कॉम्प्युटरवर काढायचं आणि तिथूनच मागाकडं द्यायचं. कार्ड नाही, माळ नाही. मालक भला माणूस, त्यांनी वडिलांना काढलं नाही, तपासणीला बसवलं. पहिल्या दिवशी त्यांना तो नवा माग दाखवायला मलाच बरोबर नेलं होतं, मुलगा कॉम्प्युटरवाला म्हणून. वडील बराच वेळ त्या यंत्राच्या डोक्याकडं मान वर करून बघत राहिले.

"मग भोकं कुठं गेली आता?"

आतच आहेत, मी म्हटलं. फार बारीक आहेत. बोटाला लागणार नाहीत.

"आन् एक जादा पडलं तर?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय ते आठवत नाही, म्हणजे ते धड नसणार. बॅकस, हॉपर, रिची, सगळ्यांची थोरवी हीच की त्यांनी भोकं एकेक मजला खाली नेली. वरच्या मजल्यावरच्या माणसाला मोर, मजुरी, उधारी एवढंच दिसावं. ते उपकारच आहेत. एनिॲकच्या वायरी उपसत मी काही चार दुकानांचे हिशेब सांभाळू शकलो नसतो. पण मजले चढत गेले तसे जिना उतरता येणारे कमी झाले. वडील तळमजल्यावरचे होते. मी मधला. सीमध्ये कधीतरी डोकावून आलेलो, एवढंच.

मुलगी वरच्या मजल्यावर. ती पुण्यात हिंजवडीला असते आणि पायथनमध्ये काम करते. गुइडो व्हॅन रॉसमनं पायथन लिहायला घेतली ती १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत, म्हणजे त्याच वर्षी मी क्लासच्या दाराशी चपला काढत होतो. मागच्या दिवाळीत मी तिच्या मागं उभा राहून बघत होतो, तर पडद्याच्या उजव्या अंगाला एक पुसट उभी रेघ. विचारलं, हे काय? म्हणाली, "ओळ ह्याच्या पुढं न्यायची नाही असा नियम आहे, बाबा. एकोणऐंशी अक्षरं." मी म्हटलं, ऐंशी का नाही आणि शंभर का नाही? तिला माहीत नव्हतं. मी सांगायला लागलो आणि शेंगाचटणीची बरणी रिकामी होईपर्यंत बोलत राहिलो.

आता तर ती बऱ्याचदा कोड लिहीतच नाही. एआयला सांगते, तेही कधी कधी मराठीत. "ह्या यादीतले ज्यांचे पैसे नव्वद दिवसांवर थकलेत ते वेगळे काढ." क्रियापद शेवटी. यंत्र निमूटपणे ऐकतं आणि पायथन लिहून देतं. हॉपरबाईंच्या साहेबांना दाखवायला हवं होतं. मी वाचून बघतो. बहुतेकदा बरोबर असतं. एकदा नव्वदावा दिवस धरायचा की सोडायचा यात एक दिवस सरकला होता. एक चौकट.

त्याच दिवाळीत माळा आवरताना बुटांच्या खोक्यात वडिलांचं एक कार्ड सापडलं. एकच. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली. मुलीनं ते खिडकीसमोर धरलं, तिच्या गालावर उजेडाचे ठिपके पडले. तिनं फोननं फोटो काढून एआयला विचारलं. त्यानं ठामपणे सांगितलं की हे जुन्या आयबीएम कॉम्प्युटरचं कार्ड आहे, ऐंशी रकान्यांचं, आणि वर दोन परिच्छेद इतिहासही लिहिला.

"उलटं कर," मी म्हटलं.

मागच्या बाजूला शिसपेन्सिलीनं वडिलांचं अक्षर होतं, जॉबरला कळावं म्हणून लिहिलेलं. मोर. कार्ड १४३. बदलू नये.

तिनं बोटांनी भोकं चाचपून पाहिली. एका भोकावर कागद होता, पिवळा पडलेला, कडेनं सुटत आलेला.

"बदलू नये का?"

मी कार्ड हातात घेऊन चष्मा वर केला, मागून पाहिलं, पुढून पाहिलं. आधीचं कार्ड १४२ आणि नंतरचं १४४ असतं तर काही सांगता आलं असतं. तिनं तो सुटलेला कागद नखानं हळूच दाबून परत बसवला आणि खोक्याचं झाकण लावलं.